छोटा कॅमेरा आणि प्रवासी ट्रायपॉड: इंदूरकरांनो, तुम्ही काय वापरता?

सुदामानगरी | ३ जुलै

नमस्कार मंडळी. माझ्याकडे खिशात मावणारा, एक इंची सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या पट्टीचा) कॅमेरा आहे. लेन्स २८ ते १०० मिमी, एफ/१.८ पासून सुरू (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). दिवसा फोटो सुरेख येतात, अंधार पडला की एकतर हलतात नाहीतर दाणेदार होतात. पावसाळ्यात मांडू आणि पुढे दिवाळीच्या सुट्टीत महेश्वर असा बेत आहे. मध्ये अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, आहेतच. राजवाड्याचा रात्रीचा फोटो मनासारखा काढायची फार दिवसांची इच्छा आहे. शिवाय घरच्या कुठल्याच सहलीच्या फोटोत मी नसतो, ही आईची कायमची तक्रार.

म्हणून ट्रायपॉड घ्यायचाय. पण कॅमेरा जेमतेम अडीचशे ग्रॅमचा आणि स्टँड दोन किलोचा, हे काही मनाला पटत नाही. आमच्या बॅगेत मुलांचे कपडे, डबा, छत्र्या असं सगळं असतं. ४० सेंमीच्या आत घडी होणारा, दिवसभर खांद्यावर जड न होणारा ट्रायपॉड खरंच कामाचा असतो का? की तो स्वतःच हलत बसतो? ज्यांनी वापरलाय त्यांनी सविस्तर लिहा.

पिंट्या_छप्पन | ३ जुलै

भिया, फोनमध्ये नाइट मोड आहे की. कॅमेराच कशाला न्यायचा?

रामबागकर | ३ जुलै

पिंट्या, नाइट मोडने स्क्रीनवर बघायला फोटो छान दिसतो. तोच छापून भिंतीवर लाव, राजवाड्याच्या लाकडी मजल्यांवरचं कोरीवकाम लोण्यासारखं गुळगुळीत झालेलं दिसेल.

सुदामानगरी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: छोट्या कॅमेऱ्याला ट्रायपॉडची गरज मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त असते. आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ती वाढवली की दाणे येतात. मोठा सेन्सर आयएसओ ३२०० ला निभावून नेतो, आपला छोटा सेन्सर तिथे दम तोडतो. मग त्याला त्याच्या सगळ्यात स्वच्छ आयएसओवर, म्हणजे १०० किंवा १२५ वर ठेवायचं आणि शटर उघडा ठेवायचा वेळ वाढवायचा. वेळ वाढवायचा म्हणजे कॅमेरा हलता कामा नये, बस. राजवाड्यावर दिवे लागल्यावर एफ/४, आयएसओ १२५, दोन सेकंद, असं काहीतरी मापात येतं. तेवढाच उजेड हातात धरून एफ/४ वरच हवा असेल तर आयएसओ ३२०० आणि १/१३ सेकंद लागेल. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. सज्ज्यांची नक्षी पहिल्यात मोजता येते.

आणखी एक. अंधार पूर्ण पडू देऊ नका. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि इमारतीवरचे दिवेही लागलेले असतात. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. काळ्या आकाशात वरचे लाकडी मजले हरवतात, निळ्या आकाशावर त्यांची कड स्वच्छ उठून दिसते.

खजुरी_बाजार | ४ जुलै

रामबागकर, तुमचा हिशेब बरोबर आहे पण अर्धा आहे. त्यांची लेन्स एफ/१.८ ची आहे, मग एफ/४ कशाला धरायचा? एफ/१.८ ला आयएसओ ८०० वर साधारण १/१५ सेकंद मिळतो. कॅमेऱ्यात हाताचं हलणं सावरणारं स्थिरीकरण आहे. श्वास रोखून, कोपरं छातीला टेकवून, भिंतीला पाठ लावून १/१५ सहज काढता येतो. आयएसओ ८०० एक इंची सेन्सरला चालतो. मी राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, लालबाग सगळं असंच काढलंय, स्टँड न नेता. गर्दीत स्टँड उघडायला जागा तरी कुठे असते?

रामबागकर | ४ जुलै

मुद्दा मान्य, पण तो २८ मिमीपुरताच. जरा झूम करा, हीच लेन्स १०० मिमीला एफ/४.९ होते. वरच्या मजल्याचा एखादा झरोका जवळून घ्यायचा म्हटलं की तुमचे १/१५ संपले. दुसरं, चौकातली येणारी-जाणारी माणसं आणि रिक्षा. आठ-दहा सेकंदांचा फोटो घेतला तर चालणारी माणसं जवळजवळ पुसली जातात, गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा उरतात. हे हातात धरून कसं करणार?

खजुरी_बाजार | ४ जुलै

झूमचं खरं आहे. माणसं पुसायचं मात्र मला नको. राजवाड्याच्या फोटोत माणसं नसली तर तो राजवाडा कसला!

विनयाताई | ४ जुलै

मी दोन्ही प्रकारचे ट्रायपॉड वापरते, म्हणून लिहिते. एक टेबलावरचा, वीसेक सेंमीचा, मिटला की मूठ होते. दुसरा पाच घड्यांचा ॲल्युमिनियमचा, साधारण सव्वा किलो.

टेबलावरचा पर्समध्ये कायम असतो आणि म्हणूनच जास्त वापरला जातो. कट्टा, स्कूटरची सीट, देवळाची पायरी, हॉटेलचं टेबल, काहीही चालतं. त्याला भिंतीवर दाबून धरला तरी हात खूप स्थिर राहतो, खजुरी बाजार यांनी हे करून बघावं. त्याचा तोटा एकच, कट्टा जिथे असेल तिथूनच फोटो. घरच्यांचा ग्रुप फोटो त्याने जमिनीवरून घेतला तर सगळ्यांच्या हनुवट्या आणि नाकपुड्या येतात. आईंचा तसा फोटो दाखवून बघा काय म्हणतात ते!

ग्रुप फोटोला कॅमेरा छातीच्या उंचीवर हवा, म्हणजे १२० ते १३० सेंमी. प्रवासी ट्रायपॉड तेवढा होतो. घेताना जाहिरातीतली कमाल उंची बघू नका. मधली दांडी न उचलता किती उंच होतो ते बघा. दांडी वर काढली की तीन पायांचा एक पाय होतो आणि वाऱ्याने डोलतो. दिवसा उजेडात शटर जलद असतो, तेव्हा दांडी उचलली तरी काही बिघडत नाही. रात्री मात्र खाली.

"८ किलो भार पेलतो" हेही आपल्यासाठी नाही. पाव किलोचा कॅमेरा कोणीही पेलतो. शेवटच्या, सगळ्यात बारीक नळीची जाडी बघा आणि तिन्ही पाय पूर्ण उघडून वरून हलकंच पिळून बघा. पिळला जात असेल तर ठेवून द्या.

मालवा_मिल_चौक | ५ जुलै

आमच्या गल्लीत मी ट्रायपॉड उघडला की शेजारचे आजोबा धावत बाहेर येतात. त्यांना वाटतं पटवारी जमीन मोजायला आला.

पिंट्या_छप्पन | ५ जुलै

मग मोजून द्यायची ना भिया, दोन फूट इकडे-तिकडे.

सियागंज_हार्डवेअर | ५ जुलै

विनयाताईंनी छान लिहिलंय. मी स्क्रूबद्दल लिहितो, तो माझा रोजचा विषय.

कॅमेऱ्याच्या तळाचं भोक पाव इंची, एका इंचात २० आटे. आमच्याकडे त्याला दोन सुताचा बोल्ट म्हणतात. कॅमेऱ्याखाली लावायच्या प्लेटचा स्क्रू हरवला तर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पण नुसतं "छोटा बोल्ट द्या" म्हणू नका. सहा मिलिमीटरचा, म्हणजे एम६ चा बोल्ट डोळ्यांना तसाच दिसतो. त्याचा आटा वेगळा आणि जाडीही किंचित कमी. एक-दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर केला की कॅमेऱ्याचे आटे मेले.

दुसरी गोष्ट लांबीची. पातळ कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये स्क्रू ५.५ मिमीपेक्षा लांब नसावा असं लिहिलेलं असतं. लांब स्क्रू आत टेकतो, कॅमेरा घट्टही बसत नाही आणि आतून इजा होते. लांब असेल तर मध्ये वॉशर घाला. बोटांनी घट्ट होतो तेवढाच करा, नाणं घालून पिळू नका.

विनयाताई | ५ जुलै

हे फार कामाचं! यात मी भर घालते: छोट्या कॅमेऱ्यात बॅटरी आणि कार्डाचं झाकण त्या भोकाला चिकटूनच असतं. प्लेट लावली की झाकण उघडत नाही. रात्री कार्ड भरलं की अंधारात प्लेट काढा, कार्ड बदला, पुन्हा लावा. म्हणून ३८ मिमी रुंदीची, आखूड प्लेट बघा, किंवा ती ९० अंशात फिरवून झाकण मोकळं राहतं का ते दुकानातच कॅमेरा लावून बघा. कॅमेरा सोबत न नेता ट्रायपॉड घेऊच नये.

शिंदे_छत्री_लष्कर | ६ जुलै

ग्वाल्हेरहून नमस्कार. सुदामानगरी, मांडूला जाणार म्हणता म्हणून आधीच सांगतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सहसा अडचण नसते, ट्रायपॉडला मात्र वेगळी परवानगी लागते. आमच्या किल्ल्यावर मानमंदिरापाशीही तेच. जहाज महाल, होशंगशहाचा मकबरा, रूपमतीचा मंडप ही सगळी स्मारकं त्यांच्याकडेच आहेत. दारावर बॅगेतला स्टँड दिसला की तो तिथेच ठेवून आत जायला सांगतात. तो माणूस त्याचं काम करतो आहे, हुज्जत घालू नका. परवानगी हवी असेल तर आधी अर्ज करा.

मकबऱ्यात आत अंधार असतो, जाळीतून उजेड येतो, तिथे लांब एक्सपोजरचा, म्हणजे शटर जास्त वेळ उघडा ठेवायचा मोह होतोच. मी घडी केलेला रुमाल आणि मोहरी भरलेली छोटी पिशवी नेतो. कट्ट्यावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर. ठेवण्याआधी पहारेकऱ्याला विचारतो, आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. संगमरवरावर किंवा कोरीव दगडावर धातूचं काही टेकवू नका, एवढं पथ्य पाळा.

खजुरी_बाजार | ६ जुलै

मोहरीची पिशवी! हे मला पटलं. वजन नाही, पायात येत नाही. उद्याच शिवून घेतो.

पागनीसपागा_आजोबा | ७ जुलै

तुमच्या चर्चेत जुन्या माणसाची भर. रिळाच्या जमान्यात आमच्याकडे एक साधी दोरी असायची. वर सियागंजवाल्यांनी सांगितलेला दोन सुताचा बोल्ट, त्याला आपल्या उंचीएवढी सुतळी बांधलेली. बोल्ट कॅमेऱ्याला लावायचा, सुतळीचं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर खेचून ताण द्यायचा. वर-खालचं हलणं जवळजवळ थांबतं. १/१५, सराव असेल तर १/८ सेकंदाचे फोटो स्वच्छ येतात. दुप्पट लांब सुतळी दुहेरी करून दोन्ही पायांखाली घेतली तर डावीकडे-उजवीकडेही आवर बसतो. खर्च जवळपास नाही, वजन नाही, आणि कुठलाही पहारेकरी अडवत नाही. दोन सेकंदांच्या फोटोला ही युक्ती पुरत नाही, त्याला तीन पायच हवेत.

मालवा_मिल_चौक | ७ जुलै

आजोबा, नमस्कार स्वीकारा. आज संध्याकाळी करून बघतोय.

नर्मदातीर | ८ जुलै

महेश्वरबद्दल मी लिहू शकतो, माझं आजोळ तिथलं. अहिल्या घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या. टेबलावरचा ट्रायपॉड तिथे चालतो, पण फोटो पाण्याच्या पातळीवरून येतो आणि किल्ल्याची भिंत वर तिरकी पळते. मोठा ट्रायपॉड लावताना एक पाय लांब करून खालच्या पायरीवर, दोन पाय वरच्या पायरीवर, आणि मधली दांडी उभी सरळ आहे ना ते बघायचं. दांडी तिरकी असली की वजन तीन पायांच्या बाहेर जातं. जाड नळ्या आधी उघडायच्या, बारीक शेवटी, लागल्या तरच.

पहाटे जा. नर्मदेवर वारा नसतो, किल्ल्याचं प्रतिबिंब पडतं, घाटावर आंघोळीला आलेली माणसं असतात. त्यांच्या आंघोळीचे फोटो काढू नका, कॅमेरा दुसरीकडे वळवा. संध्याकाळी नावा हलत असतात, त्यामुळे दोन-तीन सेकंदांच्या फोटोत घाट खणखणीत आणि नावा पुसट येतात. काहींना ते आवडतं. मला नावा स्वच्छ हव्या असतात, म्हणून मी एफ/१.८ उघडून शटर जमेल तितका जलद ठेवतो.

गराडू_प्रेमी | ८ जुलै

महेश्वरला जाताना वाटेत न्याहारी कुठे करता?

पिंट्या_छप्पन | ८ जुलै

पोहे-जलेबी इंदूरलाच खाऊन निघायची. पुढे मिळतात पण त्यांत आपली शेव नसते, जिरावन मसाला नसतो.

मालवा_मिल_चौक | ८ जुलै

रात्री परत येताना सराफ्यात भुट्ट्याचा कीस. खाताना ट्रायपॉड काउंटरवर ठेवू नये, एकाचा तेलात जाता जाता राहिलाय.

विनयाताई | ८ जुलै

मंडळी, खाऊगल्लीचा धागा वेगळा आहे! सराफ्यात फोटोच काढायचे असतील तर टेबलावरचा ट्रायपॉडही नको. कढई, गरम तेल आणि गर्दी. तिथे आजोबांची सुतळीच.

बडोदेकर_दांडियाबाजार | ९ जुलै

बडोद्याहून. आमच्याकडे सूरसागर तलावात शंकराची उंच मूर्ती आहे, संध्याकाळी दिवे लागले की तिचं प्रतिबिंब पाण्यात पडतं. तलावाच्या कठड्यावरून छोट्या ट्रायपॉडने सुंदर फोटो येतो. कठड्याजवळून मोठी गाडी गेली की कठडा थरथरतो, फोटो तेवढा थांबून घ्यायचा.

नवरात्रात गरब्याला मी उंच जागा बघून प्रवासी ट्रायपॉड लावतो आणि १/४ सेकंदावर फोटो घेतो. मधला माणूस स्थिर आणि भोवती घागऱ्यांची रंगीत चक्रं. १/६० ला सगळे गोठतात, दोन सेकंदांना नुसता रंगांचा काला होतो. १/४ ते १/२ मध्येच ती मजा आहे. खाली, खेळणाऱ्यांत ट्रायपॉड उघडू नका, कुणाचा तरी पाय अडकतो.

तुमच्या झांक्यांना हाच नियम असावा?

मालवा_मिल_चौक | ९ जुलै

असावा नव्हे, आहेच. झांक्या म्हणजे आमच्या मिलच्या कामगारांची परंपरा. मिल बंद पडल्या तरी झांक्या निघतात, रात्रभर चालतात आणि सगळं इंदूर रस्त्यावर असतं. तिथे तीन पाय उघडलेत तर लोक अडखळतील. तिन्ही पाय मिटलेले ठेवायचे आणि फक्त एकाच्या नळ्या लांब करायच्या, म्हणजे एकपायी स्टँड झाला. झांकीवर दिव्यांचा लखलखाट असतो, १/३० वगैरे सहज मिळतो. ती सरकत असते, म्हणून फार हळू शटर तसाही कामाचा नाही. भोवतीच्या अंधारामुळे कॅमेरा फोटो जास्त उजळ करून टाकतो आणि मूर्तींचे चेहरे पांढरे होतात, म्हणून एक्सपोजर एक घर कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. ओळखीच्या कुणाची मार्गावर गच्ची असेल तर मात्र पूर्ण ट्रायपॉड लावा, त्यासारखी जागा नाही.

पिंट्या_छप्पन | १० जुलै

एक खरा प्रश्न विचारतो. हजाराच्या आतले प्लास्टिकच्या डोक्याचे, बाजूला हँडल असलेले ट्रायपॉड मिळतात. माझ्या भाच्याकडे आहे. एवढ्या हलक्या कॅमेऱ्याला तो पुरत नाही का?

रामबागकर | १० जुलै

पुरत नाही. डोकं घट्ट केलं तरी हळूहळू झुकतं. दहा सेकंदांच्या फोटोत तेवढं झुकणं दिसतं.

खजुरी_बाजार | १० जुलै

इथे मी असहमत. जड कॅमेऱ्याने डोकं झुकतं. २५० ग्रॅमच्या कॅमेऱ्याने माझ्या शेजाऱ्याचं झुकलेलं मी पाहिलेलं नाही. वारा नसेल, मधली दांडी खाली असेल आणि टायमर लावला असेल तर दोन-चार सेकंदांचे फोटो तो बिनतक्रार काढतो. ग्रुप फोटोला तर उत्तमच. नव्या माणसाने आधी तो घ्यावा, आपण रात्री खरंच फोटो काढायला बाहेर पडतो का ते बघावं, मग पैसे घालावेत.

विनयाताई | १० जुलै

दोघांचंही थोडं खरं. माझी अडचण त्याच्या घडीची आहे. मिटल्यावरही तो चांगला हातभर लांब राहतो, बॅगेत मावत नाही आणि बाहेर लटकवला की बसमध्ये सगळ्यांना टोचतो. पाय उलटे वर वळून डोक्याभोवती मिटतात तो प्रकार बॅगेत बसतो. धाग्याच्या मालकांचा, सुदामानगरींचा मूळ प्रश्न नेण्याचा आहे. घरी राहिलेला ट्रायपॉड चांगला असला काय आणि वाईट असला काय.

चोरल_घाटातला | ११ जुलै

पावसाळा आहे म्हणून धबधब्यांबद्दल. पाणी दुधासारखं दिसावं असं सगळ्यांना वाटतं. त्याला १/४ ते १ सेकंद लागतो. ढगाळ दुपारी एफ/८, आयएसओ १२५ ला साधारण १/८० येतो, म्हणजे पाणी गोठलेलंच. एफ/११ वर गेलात तर छोट्या सेन्सरवर फोटो मऊ पडतो. काही छोट्या कॅमेऱ्यांत आतच एनडी फिल्टर असतो, तो उजेड आठ पट कमी करतो. मग १/८० चे १/१० होतात. संध्याकाळ कलली की अर्धा सेकंदही मिळतो. मेनूमध्ये शोधा, अनेकांना तो असल्याचंच माहीत नसतं. नसेल तर लेन्सपुढे काच चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका, उजेड कमी व्हायची वाट बघा.

आता महत्त्वाचं. पातालपाणीच्या धबधब्याला प्रवाहात दगडांवर ट्रायपॉड लावू नका. २०११ च्या जुलैमध्ये तिथे पाणी अचानक वाढलं आणि काठावरची माणसं वाहून गेली, काहींचा जीव गेला. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस वर डोंगरात पडत असतो. लांब एक्सपोजर घेताना नजर स्क्रीनवर असते, पाण्याचा रंग बदललेला कळत नाही. वरच्या सुरक्षित जागेवरून, कठड्यामागून, १०० मिमीला झूम करून घ्या. ट्रायपॉड आहे म्हणूनच तर तो झूम परवडतो. पाणी गढूळ होऊ लागलं, त्यात पानं-काटक्या वाहू लागल्या की सामान तिथेच सोडून वर या. ट्रायपॉड दुसरा मिळतो.

नर्मदातीर | ११ जुलै

यातलं शेवटचं लिहिलेलं सगळ्यांनी दोनदा वाचा. आमच्याकडे नर्मदेला वरच्या धरणातून पाणी सोडलं की घाटाच्या खालच्या पायऱ्या बघता बघता बुडतात. तेव्हाही हेच.

सुदामानगरी | २४ ऑगस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून पाच घड्यांचा ॲल्युमिनियमचा प्रवासी ट्रायपॉड घेतला. मिटल्यावर बॅगेत आडवा बसतो, सव्वा किलोच्या आत आहे. विनयाताईंच्या सांगण्याप्रमाणे कॅमेरा दुकानात नेला. पहिल्या दोन प्लेटनी झाकण अडवलं, तिसरी आखूड होती ती घेतली. टेबलावरचाही एक घेतला, तो बायकोच्या पर्समध्ये गेला आणि आता तो तिचाच आहे.

मांडूला ट्रायपॉड गाडीतच ठेवला, मोहरीची पिशवी आत नेली. होशंगशहाच्या मकबऱ्यातल्या जाळीचा फोटो दीड सेकंदाचा, आयएसओ १२५, मनासारखा आला. परतल्यावर कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी संध्याकाळी मोठा ट्रायपॉड लावला. तिथे रस्त्यापासून थोडं आत उभं राहिलं की गाड्यांची थरथर लागत नाही. दगडावरचं प्रत्येक शिल्प वेगळं ओळखता येतं, हे मी माझ्या कॅमेऱ्यातून प्रथमच बघतोय.

दोन शंका आहेत. ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद करायचं म्हणतात ते खरं का? आणि ग्रुप फोटोत मी टायमर लावून धावत जातो तेव्हा कधीकधी सगळे अंधुक आणि मागचं झाड स्पष्ट येतं, ते का?

रामबागकर | २४ ऑगस्ट

व्वा, अभिनंदन! स्थिरीकरण बंद करा. काही नव्या कॅमेऱ्यांना ट्रायपॉडवर असल्याचं कळतं, जुन्यांना कळत नाही आणि ते नसलेलं हलणं सुधारायला जातात. एकच फोटो चालू ठेवून आणि बंद करून घ्या, मोठा करून बघा, तुमच्या कॅमेऱ्याचं उत्तर तुम्हाला मिळेल. गळ्यातला पट्टाही काढा, वाऱ्यात तो फडफडतो आणि हलका कॅमेरा त्याच्यासोबत हलतो. ट्रायपॉडखाली पिशवी टांगलीत तर ती जमिनीला टेकू द्या, लोंबकळली तर झोके घेते.

विनयाताई | २५ ऑगस्ट

बरेच कॅमेरे फोकस बटण दाबतानाच ठरवतात, दहा सेकंदांनी नाही. तुम्ही दाबता तेव्हा मधली जागा, म्हणजे तुमची, रिकामी असते आणि कॅमेरा मागचं झाड पकडतो. आईंना मध्ये उभं करा, त्यांच्या चेहऱ्यावर फोकस घेऊन मग टायमर सोडा आणि तुम्ही कडेला जाऊन उभे राहा. एकाच वेळी तीन-चार फोटो घेणारा टायमर असेल तर तोच लावा, कुणाचे तरी डोळे मिटतातच.

आणि सगळे मावावेत म्हणून २८ मिमीवर जवळून घेऊ नका. कडेची माणसं रुंद येतात, आणि कडेला नेमक्या काकू-मावश्या असतात. चार पावलं मागे जाऊन ५० मिमीच्या आसपास घ्या, सगळे आपापल्या मापात राहतात.

पिंट्या_छप्पन | २५ ऑगस्ट

हे आमच्या मावशीला कळलं असतं तर मागच्या लग्नातला रुसवा वाचला असता.

खजुरी_बाजार | १२ सप्टेंबर

मी अजून हातात धरूनच काढतो, पण सुदामानगरींचा छत्र्यांचा फोटो पाहिला आणि मुद्दाम त्याच जागी जाऊन एफ/१.८, आयएसओ ८०० ने तोच घेतला. दोन्ही शेजारी ठेवले. लहान आकारात फरक नाही. मोठं केल्यावर शिल्पांच्या चेहऱ्यांत फरक आहे आणि तो चांगलाच आहे. छापायचं असेल तर ट्रायपॉड, बाकी मोहरी आणि सुतळी, एवढं माझं मत बदललंय.

सुदामानगरी | २ नोव्हेंबर

महेश्वर झालं. नर्मदातीर यांनी सांगितलेली पायऱ्यांची पद्धत अगदी बरोबर. पण एक पाय पाण्याच्या कडेला गाळात रुतला होता, आता त्या पायाची खालची नळी फिरवताना कचकच आवाज येतोय. तेल घालू का?

सियागंज_हार्डवेअर | २ नोव्हेंबर

तेल अजिबात नको, त्याला माती आणखी चिकटेल. ती नळी आणखी फिरवूही नका, गाळ आटे खातो. लॉक पूर्ण उलटं फिरवून नळी बाहेर ओढा. आत प्लास्टिकच्या दोन पातळ पट्ट्या असतात, त्या कुठल्या खाचेत बसतात त्याचा आधी फोनवर फोटो काढून ठेवा. साध्या पाण्याने नळी, आटे आणि पट्ट्या धुवा, जुन्या टूथब्रशने आटे घासा. सावलीत पूर्ण वाळू द्या. मग आट्यांना ग्रीसचं अगदी बोट लावायचं, नळीला नाही, नाहीतर पाय उभा राहणार नाही, घसरेल. बाकीचे दोन पायही याच वेळी उघडून बघा, गाळ सहसा एकट्या पायात जात नाही.

सुदामानगरी | ३ नोव्हेंबर

उघडला. दुसऱ्या पायातही वाळू निघाली. धुऊन गच्चीवर सावलीत ठेवलाय, उद्या बसवतो. ग्रीस कुठलं, सायकलचं चालेल?

सियागंज_हार्डवेअर | ३ नोव्हेंबर

चालेल. आटे झाकले जातील एवढंच, जास्त झालेलं कापडाने पुसून घ्या.